चवदार तळ्याचा दावा : मोजकी नावे आणि सारा समाज

नालासोपाऱ्यात आमच्या अभ्यासवर्गाला येणारी मुले हल्ली एक शब्द सारखा वापरतात : 'क्लास अ‍ॅक्शन'. अमेरिकेत एखादी कंपनी हजारो लोकांना फसवते, त्यांतले दोन-चार जण सगळ्यांच्या वतीने कोर्टात जातात आणि निकाल सगळ्यांना लागू होतो, हे त्यांनी सिनेमात पाहिलेले असते. मग प्रश्न येतो, आपल्याकडे असे का नाही?

आपल्याकडे असे आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, त्याआधीच्या संहितेतही होते. त्याला प्रातिनिधिक दावा म्हणतात. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवाणी खटला याच जातीचा होता. फरक एवढाच की तो आपण केलेला नव्हता. तो आपल्यावर केला गेला होता.

मित्रांनो, दरवर्षी २० मार्चला आपण महाडची गोष्ट सांगतो. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायले, वीरेश्वर मंदिराची अफवा उठली, आपल्या माणसांवर हल्ले झाले, मग तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. त्यानंतर आपण थेट २५ डिसेंबरच्या मनुस्मृती दहनावर उडी मारतो आणि गोष्ट संपवतो. डिसेंबर १९२७ मध्ये उघडलेली आणि मार्च १९३७ मध्ये बंद झालेली कोर्टाची फाईल मात्र भाषणांत येत नाही. सत्याग्रह भाषणाला सोपा, खटला अवघड, हे कारण असेल. पण आमच्या मते आज ज्यांना बिल्डर, महापालिका आणि कंपन्यांशी भांडायचे आहे त्यांनी ही फाईल सत्याग्रहाइतकीच ध्यानात ठेवली पाहिजे.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर. मार्च १९२७ मध्ये आपण तो कागद खरा मानून पाण्याला हात लावला, तेव्हा कागदाचा खरा अर्थ उघड झाला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या तारखेला, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. तेव्हा महाडचे सवर्ण लाठी बाजूला ठेवून वकिलाकडे गेले.

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला. वादी म्हणून काही मोजके सवर्ण. प्रतिवादी म्हणून डॉ. भीमराव रामजी आंबेडकर, सीताराम नामदेव शिवतरकर आणि त्यांचे काही साथी. पण वादी स्वतःपुरते भांडत नव्हते. आम्ही महाडच्या स्पृश्य हिंदूंच्या वतीने आलो आहोत आणि हे प्रतिवादी अस्पृश्यांचे प्रतिनिधी आहेत, अशी दाव्याची बांधणी होती. मागणी अशी : तळे आमच्या मालकीचे आहे, ते वापरण्याचा हक्क फक्त आमचा आहे असे जाहीर करा आणि यांना कायमची मनाई करा.

इथे थोडे थांबून यंत्र समजून घेऊ. साध्या दिवाणी दाव्यात निकाल ज्यांची नावे कागदावर आहेत त्यांनाच बांधतो. सवर्णांनी फक्त बाबासाहेबांवर साधा दावा लावला असता आणि तो जिंकला असता, तर दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी महार, चांभार किंवा मांग तळ्यावर गेला असता आणि 'मी त्या खटल्यात नव्हतो' म्हणाला असता. मग त्याच्यावर नवा दावा. असे किती दावे लावणार? यावरचा उपाय संहितेच्या आदेश १, नियम ८ मध्ये आहे. जिथे माणसे पुष्कळ आहेत आणि सगळ्यांचे हितसंबंध एकच आहेत, तिथे त्यांतले एक किंवा काही जण सगळ्यांच्या वतीने दावा लावू शकतात, आणि तसेच काही जणांवर सगळ्यांचे प्रतिनिधी म्हणून दावा लावताही येतो. अट अशी की न्यायालयाची परवानगी हवी. परवानगी मिळाली की ज्यांच्या वतीने हे चालले आहे त्या सगळ्यांना नोटीस द्यायची. माणसे फार असतील तर वर्तमानपत्रातून किंवा दवंडीसारखी जाहीर नोटीस. ज्याला वाटेल की ही मंडळी माझे म्हणणे मांडत नाहीत, त्याने येऊन मलाही पक्षकार करा असे म्हणायचे. आणि याच संहितेचे कलम ११ सांगते की सार्वजनिक किंवा सामायिक हक्कासाठी काही जण प्रामाणिकपणे लढले तर त्या हक्कात हितसंबंध असलेले सगळेच लढले असे धरले जाईल. तोच वाद पुन्हा उकरता येणार नाही.

म्हणजे हेतू स्वच्छ होता. मोजक्या नावांवर हुकूमनामा मिळवायचा आणि तो महाडच्या प्रत्येक अस्पृश्याच्या, त्याच्या पोराबाळांच्याही गळ्यात अडकवायचा. मनुस्मृतीने जे धर्माच्या नावाने केले तेच दिवाणी संहितेच्या नावाने.

या मांडणीत एक खोट सुरुवातीपासून होती. 'महाडचे स्पृश्य हिंदू' हा एकसंध गट नव्हताच. नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस आपल्या बाजूने उभे होते. मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. सगळ्यांचे हित एकच असल्याचा दावा करणाऱ्यांच्या घरातच फूट होती. पण न्यायालयाच्या कागदावर गट एकसंधच दिसतो, कारण नियमाला 'समान हितसंबंध' लागतात आणि जात हा हितसंबंध तयारच पडलेला होता. समाजशास्त्र शिकताना आम्ही वाचले होते की गट आपोआप नसतात, ते घडवले जातात. इथे तो न्यायालयाच्या कारकुनासमोर घडताना दिसतो.

आता दुसरी बाजू बघा. बाबासाहेबांना अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून कोर्टात उभे केले ते कोणी? सवर्णांनी! त्यांच्या सोयीसाठी, त्यांच्या सहीने. १९२७ मध्ये महाडच्या सनातन्यांनी लिहून दिले की हा माणूस अस्पृश्यांच्या वतीने बोलतो आणि याच्यावरचा निकाल सगळ्या अस्पृश्यांवरचा निकाल आहे. चार वर्षांनी, १९३१ मध्ये, लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजी म्हणाले की अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधित्व आपण स्वतः करतो. तेव्हा महाडचा दावा जिवंत होता. एकीकडे आंबेडकर प्रतिनिधी आहेत हे गृहीत धरून सवर्णांचा खटला चालू, दुसरीकडे ते प्रतिनिधी नाहीत असे सांगणारे सवर्णांचे सर्वांत मोठे पुढारी. अस्पृश्यांना बांधायचे असले की आंबेडकर प्रतिनिधी, अस्पृश्यांना काही द्यायचे असले की नाहीत. पुणे करारापर्यंत हाच वाद चालला : आमचा माणूस कोण हे कोणी ठरवायचे?

सवर्णांचे दुर्दैव असे की त्यांनी निवडलेली माणसे खरी निघाली. त्यांनी एखादा दबलेला, गावकीच्या ओझ्याखालचा येसकर प्रतिवादी केला असता आणि त्याने 'होय महाराज, तळे तुमचेच' अशी कैफियत दिली असती, तर? प्रातिनिधिक दाव्यातला मोठा धोका हाच आहे. प्रतिनिधी कमकुवत किंवा फितूर निघाला तर सारा समाज न बोलता हरतो. म्हणून १९७६ च्या दुरुस्तीने नियम ८ मध्ये पुढे भर घालावी लागली : सगळ्यांना नोटीस दिल्याशिवाय असा दावा सोडता येणार नाही, मागे घेता येणार नाही, तडजोडही करता येणार नाही. प्रतिनिधी नीट लढत नसेल तर न्यायालय त्याच्या जागी त्याच गटातला दुसरा माणूस घेऊ शकते. १९२७ मध्ये हे संरक्षण नियमात लिहिलेले नव्हते.

दावा दाखल झाल्यावर दोन दिवसांत, १४ डिसेंबरला, न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषद २५ डिसेंबरला. हजारो माणसे महाडच्या वाटेवर. हुकूम नावापुरता मोजक्यांवर, रोख सगळ्या परिषदेवर. जमलेल्या प्रतिनिधींचा कल उघडपणे सत्याग्रहाकडे होता. बाबासाहेबांनी मात्र हुकूम मोडायचा नाही असे ठरवले आणि परिषदेला ते पटवले. मिरवणूक निघाली, पाण्याला हात लागला नाही. यावर आजही आपल्यातले काही तरुण कुरकुरतात. आमचे मत स्पष्ट आहे : सनातन्यांना हेच हवे होते की भांडण सवर्ण विरुद्ध अस्पृश्य असे न राहता सरकार विरुद्ध अस्पृश्य असे व्हावे. बाबासाहेबांनी त्यांना ते मिळू दिले नाही. दोन महिन्यांत, फेब्रुवारी १९२८ मध्ये, तो मनाई हुकूम उठलाही.

मूळ दावा पुढे रखडत चालला. महाडच्या न्यायालयाने ८ जून १९३१ रोजी तो फेटाळला. सवर्ण अपिलात गेले. अपील चालले ते ठाण्याच्या न्यायालयात. आपला वसई तालुका २०१४ मध्ये पालघर जिल्हा होईपर्यंत ठाण्यातच होता. त्यामुळे चवदार तळ्याच्या पाण्यावरचा एक निकाल आपल्या जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी लागला, ही गोष्ट वसई-विरारच्या पोरांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. जानेवारी १९३३ मध्ये तिथेही सवर्ण हरले. मग मुंबई उच्च न्यायालयात दुसरे अपील. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी ते १७ मार्च १९३७ रोजी खर्चासह फेटाळले. हे ब्रूमफील्ड तेच, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. बाबासाहेबांनी पाणी प्यायल्याला दहा वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा तीन दिवस कमी होते.

निकालात काय आहे हे मात्र नीट समजून घ्या, कारण याविषयी आपल्या भाषणांत बरीच ढिलाई असते. मालकीचा दावा सवर्णांनी पुढे रेटलाच नाही. तळे कायद्याने नगरपालिकेचे, हे मान्य झाले. उरला रूढीचा मुद्दा : अनादि काळापासून इथे अस्पृश्य पाणी भरत नाहीत, म्हणून आमचा एकट्यांचा हक्क. आठवणीतल्या काळात अस्पृश्यांनी तिथे पाणी भरले नव्हते, ही वस्तुस्थिती न्यायालयांनी मानली. पण महाडच्या न्यायाधीशांनी म्हटले की सार्वजनिक तळे एका वर्गाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्याने पहिल्या वर्गाला कायदेशीर हक्क चिकटत नाही. उच्च न्यायालयाने म्हटले की तळे निदान अडीचशे वर्षे जुने आहे, त्याचा उगम कोणाला माहीत नाही, नगरपालिका १८६५ ची आणि त्याआधीचा पुरावा अगदी तुटपुंजा. तेव्हा ही रूढी अनादि आहे हे सिद्ध झालेले नाही.

आणि मग न्यायालय थांबले. रूढी सिद्ध झाली असती तर ती गैरवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरली असती का, याचा विचार करण्याची गरज उरत नाही, असे म्हणून त्यांनी तो प्रश्न बाजूला ठेवला. म्हणजे आपण जिंकलो ते समोरच्याला पुरावा देता आला नाही म्हणून. माणूस म्हणून पाण्यावर सगळ्यांचा हक्क आहे असे न्यायालय म्हणाले नाही. उद्या एखाद्या गावच्या सवर्णांनी कागदपत्रांसह अनादि रूढी सिद्ध केली असती तर? त्या प्रश्नाचे उत्तर १९३७ मध्ये मिळाले नाही. ते २६ जानेवारी १९५० ला मिळाले. संविधानाचा अनुच्छेद १५ (२) उघडून बघा : विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावे घेऊन तिथे जातीवरून मज्जाव करता येणार नाही असे लिहिले आहे. मसुदा समितीच्या अध्यक्षपदी बसलेला माणूस तलावाच्या खटल्यात नऊ वर्षांहून अधिक काळ प्रतिवादी होता.

दाव्याच्या रचनेचा मात्र पुरेपूर फायदा झाला. सवर्णांनीच सगळ्यांच्या वतीने दावा लावला होता, म्हणून ते सगळ्यांच्या वतीने हरले. नवी नावे घेऊन, नवे वादी उभे करून तोच हक्क पुन्हा मागायची वाट बंद झाली. आपल्यासाठी विणलेल्या जाळ्यात ते स्वतः सापडले.

एक गोष्ट आम्हाला या फाईलमध्ये खटकते आणि ती सांगितली पाहिजे. पाणी भरायला जाणार होत्या बायका. घागर डोक्यावर घेऊन दूरच्या पाणवठ्यावर खेपा घालत होत्या त्या बायका. प्रतिवादींच्या नावांत त्या नाहीत. बाबासाहेबांनी त्याच डिसेंबरात महाडला स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले, पण वादींच्या वकिलाच्या लेखी अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणजे पुरुष. आजही आमच्या भागात पाण्याच्या टँकरवर रांगेत बाई असते आणि निवेदनावर सही पुरुषाची असते.

प्रतिनिधी दुसऱ्याने नेमला की काय होते याचे भीषण उदाहरण भोपाळचे आहे. १९८४ च्या गॅस दुर्घटनेनंतर १९८५ च्या कायद्याने सगळ्या पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार केंद्र सरकारने एकट्याने घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पीडितांना कोणी विचारले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, पण तडजोडीपूर्वी पीडितांचे म्हणणे ऐकले जायला हवे होते हेही नोंदवावे लागले. उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेतले. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटला हाही क्लास अ‍ॅक्शन होता. कॅन्ससमधल्या टोपीका गावचे १३ पालक स्वतःच्या आणि आपल्यासारख्या सगळ्यांच्या वतीने उभे राहिले, आणि त्यांना निवडणारे त्यांचेच संघटन होते, एनएएसीपी. सिनेमातल्या नुकसानभरपाईच्या खटल्यांपेक्षा आपल्याला जवळचा आहे तो हा.

तिकडच्यासारखे खटले इकडे का बोकाळले नाहीत, याचे एक साधे कारण पैशात आहे. अमेरिकेतला वकील जिंकल्यावर रकमेतला वाटा घेतो, म्हणून तो स्वतःच्या खिशातून खटला चालवतो. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवायला बंदी आहे. त्यामुळे वकिलाची फी, जाहीर नोटिशीचा खर्च, सगळे लढणाऱ्यांनी वर्गणीतून उभे करायचे.

आता वसई-विरार. नालासोपारा पूर्वेला आचोळे परिसरातल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या आदेशानुसार २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षित होती. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. इमारती बेकायदा होत्या याबद्दल आम्हाला वाद घालायचा नाही. पण ज्यांनी खोट्या परवानग्यांवर घरे विकली त्यांच्याविरुद्ध ही कुटुंबे आधीच एकत्र उभी राहायला हवी होती. आमच्या ओळखीच्या अशाच एका बेकायदा इमारतीत प्रत्येक घराने वेगळा एजंट धरला होता आणि वेगळे पैसे भरले होते. बिल्डर एक, करारनाम्याचा मजकूर एक, फसवणूक एक, आणि भांडणारे साठ!

यासाठी कायद्यात दारे आहेत. १९९० मध्ये तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अल्प उत्पन्न गटातल्या घरधारकांना प्रत्येकी वेगळी मागणीपत्रे आली असली तरी ते नियम ८ खाली एकत्र येऊ शकतात. दाव्याचे कारण वेगवेगळे असले तरी चालते, हित समान हवे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५ मध्येही आयोगाच्या परवानगीने एक किंवा काही ग्राहक सगळ्यांच्या वतीने तक्रार करू शकतात. मात्र २०२१ च्या ब्रिगेड एंटरप्रायझेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लगाम घातला. ११३४ सदनिकांच्या प्रकल्पात ५१ सदनिकांचे खरेदीदार सगळ्यांच्या वतीने बोलू पाहत होते. न्यायालय म्हणाले, सगळ्यांचे हित समान असल्याचे तुम्ही दाखवलेले नाही, तुम्ही जेवढे आहात तेवढ्यांची संयुक्त तक्रार मात्र चालेल.

या 'समान हित' शब्दांपाशी आपल्या कार्यकर्त्यांनी जास्त वेळ घालवावा असे आम्हाला वाटते. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी कुटुंबे भाडेकरू आहेत. घरमालकाचे हित भरपाईत, भाडेकरूचे हित डोक्यावरच्या छपरात. घरमालकांनी लावलेल्या दाव्यात भाडेकरू आपोआप येत नाही, आणि त्याच्या नावाने कोणी बोललेच तर ते त्याचे म्हणणे असेलच असे नाही. ज्या चाळीत निम्मे भाडेकरू आहेत तिथे वादींच्या यादीत भाडेकरूचे नाव वेगळे हवे, शक्य तिथे वेगळा दावा हवा, आणि पाण्याचा प्रश्न असेल तर यादीत पहिले नाव बाईचे असायला काय हरकत आहे?

नियम ८ ची जाहीर नोटीस बहुतेकदा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, जमीनखरेदीच्या नोटिशींच्या गर्दीत छापली जाते. तुमच्या इमारतीबद्दल, तुमच्या सर्व्हे नंबरबद्दल कोणी तुमच्या वतीने कोर्टात गेला असेल तर ते तिथेच कळते, आणि पक्षकार व्हायचा अर्जही वेळेत तेव्हाच करता येतो. येत्या महिन्यापासून आमच्या अभ्यासवर्गात या नोटिशी एकत्र वाचायच्या असे ठरले आहे. येताना ज्याचा त्याचा करारनामा, भाडेकरार असेल तर तोही, झेरॉक्स करून आणावा.